उचलीची खिडकी

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात पगार एक तारखेला होई आणि वीस तारखेच्या सुमारास संपे. उरलेले दिवस उचलीवर काढावेत, असा जणू नियमच होता. व्यवस्थापकाच्या खोलीला एक लहान खिडकी होती. तिच्यासमोर उभे राहून पुढच्या पगारातली रक्कम आगाऊ मागायची. तो आधी घरची सविस्तर चौकशी करी, मग सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "माझा स्वभावच दयाळू, त्याला मी तरी काय करू?" नोटा सरकवताना शेवटचा प्रश्न ठरलेला असे: "रविवारी येताय ना?" उचल घेतलेला माणूस नाही म्हणू शकत नसे, आणि रविवारच्या कामाचा वेगळा मोबदला नव्हता. नाक दाबले की तोंड उघडते, हे तत्त्व त्याने अत्यंत काटेकोरपणे राबवले होते. पाठीमागे आम्ही त्याला दयाळूच म्हणत असू.

मी तंत्रनिकेतनात शिकलेला, यंत्रांची देखभाल करणारा माणूस. यंत्रातली ढिलाई एका झटक्यात काढू गेले तर यंत्रच अडकते. ती थोडी थोडी काढावी लागते. पत्नीने आणि मी हेच महिन्याला लावून पाहिले. उचल मागण्याची तारीख दर महिन्याला एक दिवस पुढे ढकलायची, एवढेच ठरवले. स्कूटर विकली. तिने कपड्यांची दुरुस्ती घ्यायला सुरुवात केली. पोटाला चिमटे काढले, ते सांगण्यात अर्थ नाही. वर्षभरात ती तारीख पगाराला जाऊन टेकली, आणि आणखी दोन वर्षांनी कपाटात एक पूर्ण पगार शिल्लक राहिला. आता हा महिना मागच्या महिन्याच्या पैशांवर चालत होता.

उचल न मागणारा माणूस दयाळूने कधी पाहिलाच नव्हता. त्याने सरळ निष्कर्ष काढला की मी कारखान्यातली तांब्याची तार विकतो. एके संध्याकाळी फाटकाशी त्याने माझी पिशवी उघडायला लावली.

"डबाही उघड," तो रखवालदाराला म्हणाला. "हल्ली काही जणांचं वीस तारखेनंतरही पोट भरतंय. कशानं भरतंय ते बघू."

डब्यात उरलेल्या भाताची चार शिते होती. भोवतीचे लोक हसले. थोड्याच दिवसांत त्यांना खिडकीशी उभे राहायचे होते, हे मला समजत होते. तरीही हसणे कानात राहिले.

"उद्या त्याची गचांडी धरतो," मी घरी म्हणालो.

"तुम्हाला भांडायचं आहे की त्याला दुखवायचं आहे?" पत्नीने विचारले. "दोन्ही एकदम नाही जमायचं."

"दुखवायचं आहे."

"मग त्याचा जीव कशात आहे ते बघा."

त्याचा जीव रविवारात होता. रविवारच्या फुकट कामावरच मालकापुढे त्याची मिजास चाले. मी कपाटाकडे पाहिले. लोकांना उचल तिथूनच मिळाली, तर रविवारी येणे कोणाला भाग नव्हते.

"ते पैसे बुडाले, तर त्या खिडकीशी पुन्हा तुम्हालाच जावं लागेल," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"मग जे हसले त्यांना आधी द्या. म्हणजे त्यांची तोंडं तरी बंद होतील."

उचल घेणाऱ्या नऊही जणांना पुरेल एवढी रक्कम नव्हती. परंतु छपाईवाला, कटाईवाला, फोर्कलिफ्टवाला आणि पॅकिंगमधल्या मावशी या चौघांवाचून रविवारचे काम हलत नसे. वीस तारखेच्या आदल्या दिवशी मी छपाईवाल्याला यंत्रामागे गाठले आणि त्याला लागणारी रक्कम हातावर ठेवली.

"व्याज किती?"

"व्याज नाही. अटी दोन. खिडकीकडे फिरकायचं नाही, आणि पुढच्या महिन्यात एक दिवस उशिरा मागायचं."

"हे कसलं पुण्य करताय, दादा?"

"पुण्य नव्हे, सूड आहे. घेतोस का?"

"मग बरंच झालं," त्याने नोटा खिशात घातल्या. "पुण्यवाल्यांची आयुष्यभर आठवण ठेवावी लागते."

त्या रविवारी मी फाटकासमोरच्या टपरीवर चहा घेत बसलो. उरलेले पाच जण आत जाऊन बंद छपाई यंत्राभोवती उभे राहिले. दयाळू तीनदा फाटकाबाहेर येऊन रस्ता पाहून गेला. चौथ्यांदा त्याला मी दिसलो.

"हे तुमचंच काम."

"माझी आज सुट्टी आहे."

"उद्या माल निघायचा आहे!"

"मग लावा की हात. तुमचा स्वभाव दयाळू आहे."

त्याचा चेहरा पुठ्ठ्यासारखा झाला. मी आणखी एक चहा मागवला. इतका चवदार चहा त्या टपरीवर पूर्वी कधी मिळाला नव्हता.

"एक तारखेला पगारच झाला नाही तर?" तो हळूच म्हणाला. "तुमचे पैसे कुठून परत येतात ते बघतो मी."

एक तारखेला फळ्यावर सूचना लागली: मालकांची सही न झाल्याने पगार लांबला आहे, अडचण असल्यास खिडकीशी यावे. माझे कपाट रिकामे होते. चौथ्या दिवशी घरातले तेलही संपले. चौघांपैकी एक जरी त्या खिडकीशी गेला असता, तर त्याचा पगार उचलीतच कापला जाऊन माझे पैसे अडकले असते आणि पाठोपाठ मलाही जावे लागले असते.

पाचव्या दिवशी मावशी कामावर आल्या त्या आपल्या घरमालकाला सोबत घेऊनच. त्या त्याला थेट आमच्या मालकाच्या दालनात घेऊन गेल्या.

"साहेब, हे रोज भाडं मागतात आणि मी रोज तुमच्या सहीचं सांगते," मावशी म्हणाल्या. "यांना वाटतं मी थापा मारते. सही कधी होणार, ते तुम्हीच सांगा यांना."

"माझी सही तर महिनाअखेरीलाच झाली आहे," मालक म्हणाला, आणि मग त्याने दयाळूला हाक मारली.

मालक काही आमचा कैवारी नव्हता. माल एक दिवस उशिरा गेला म्हणून तो आधीच धुमसत होता; त्यात आपले नाव परस्पर वापरले गेले, हे त्याला झोंबले. त्याने दयाळूला बाहेर टेबल मांडायला लावून सर्वांचे पगार उभ्याउभ्या वाटायला लावले. त्याच टेबलापाशी चौघांनी माझी रक्कम माझ्या हातात मोजून दिली. मी ती सावकाश पुन्हा मोजली. तशी गरज नव्हती, पण दयाळू पाहत होता.

सर्व निघून गेल्यावर तो टेबल आवरू लागला.

"झालं समाधान?" त्याने विचारले.

"नाही," मी म्हणालो. "अजून पाच जण तुमच्याकडे येतात."