मागच्या सांध्याचा बोल्ट

कोडोलीची स्वप्नाली चौगुले सव्वीस वर्षांची होती. डोंगरउताराच्या सायकल शर्यतीत जिल्ह्यात तिच्यापुढं एकही बाई नव्हती आणि पुरुष म्हणाल तर दोघं-तिघंच. म्हणून उदयसिंह मोहित्यांनी आपली नवी सायकल चालवून बघायला तिलाच बोलावलं.

उदयसिंहांचं राजारामपुरीत सायकलींचं मोठं दुकान होतं आणि गडमुडशिंगीला शेड. त्या शेडमध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची पहिली माउंटन बाइक तयार केली होती. पुढच्या चाकाला दणके झेलणारा शॉक, मागच्या चाकाला शॉक, दगडधोंड्यांतून सुसाट उतरायला बनवलेली. राष्ट्रीय स्पर्धेसाठी ते संघ उभा करणार होते आणि त्यात स्वप्नालीची जागा पक्की होती.

"तीन दिवस चालीव," ते म्हणाले. "आपट, उडीव, काय पाहिजे ते कर. मग कॅमेऱ्यापुढं सांग, कशी हाय."

पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला एक तांबडी वाट उतरते. वाटेत जांभ्या दगडाच्या सात पायऱ्या आहेत, शेवटची कमरेएवढी. स्वप्नालीनं तीच वाट धरली. बरोबर दुकानाचा जुना मिस्त्री यल्लाप्पा होता. तिनं सीटवर बसून मागचा शॉक किती दबतो ते मोजलं, यल्लाप्पाकडून त्यात थोडी हवा भरून घेतली आणि निघाली.

सायकल खरंच चांगली होती. चढावर पॅडल मारताना मागून हिंदकळत नव्हती. वळणावर पुढचं चाक सुटत नव्हतं. कमरेएवढ्या पायरीवरून उडी मारली तरी शॉक तळाला आपटला नाही.

"यल्लाप्पामामा, ही गाडी माझ्या आधी दगड बघतीया," ती खाली येऊन म्हणाली. ती हसत होती.

तिसऱ्या फेरीला मागून टक्‌ टक्‌ आवाज आला. मागचा दांडा फ्रेमला जिथं जोडलेला असतो, त्या सांध्याचा बोल्ट सैल झाला होता. यल्लाप्पानं तो पान्यानं आवळला. स्वप्नालीनं पिशवीतून नेलपॉलिश काढलं आणि बोल्टच्या डोक्यावरून फ्रेमवर एक सरळ रेघ ओढली. बोल्ट फिरला की रेघ तुटणार. पुढच्या फेरीनंतर रेघ तुटलेली होती. यल्लाप्पानं आट्यांना चिकटद्रव लावून पुन्हा आवळला. पुन्हा तुटली. तिसऱ्या दिवशी बोल्ट काढून बघितला तर तो मधेच वाकला होता. तिनं प्रत्येक वेळी फोटो काढून ठेवला आणि उदयसिंहांना लिहून पाठवलं: बाकी सगळं उत्तम, पण हा बोल्ट बारीक आहे, जाड बसवल्याशिवाय गाडी कुणाच्या हातात देऊ नका.

संध्याकाळी त्यांनी तिला शेडमध्ये बोलावलं. चाळीस फ्रेम रंगवून टांगलेल्या होत्या. सात-आठ कामगार काम थांबवून बघत होते.

"वजन किती तुझं?" उदयसिंहांनी विचारलं.

"बासष्ट."

"बघा, बासष्ट किलोची पोरगी म्हणतीया आमचा बोल्ट वाकतोय." कामगार हसले. यल्लाप्पा तेवढा हसला नाही. उदयसिंह तिच्याकडं वळले. "अगं, तुला उतरता येत न्हाय असं म्हण की सरळ. गाडीला कशाला नावं ठेवालीस?"

"सर, फोटो बघा. मी खोटं कशाला सांगू?"

"कोडोलीत गवताचे भारे आणायचीस सायकलवरनं. पहिली बरी सायकल तुला कुणी दिली?"

तिच्या अठराव्या वर्षी ती सायकल त्यांनीच दिली होती.

"उद्या सकाळी कॅमेरा घेऊन येतोय," ते शांतपणे म्हणाले. "सातच्या सात पायऱ्या उतरायच्या. न्हायतर संघाचं विसरून जा. पोरी लई हायत."

"नवीन बोल्ट तरी बसवा."

"बसवतो की. तसलाच."

दुसऱ्या दिवशी सहा पायऱ्या ती नीट उतरली. सातव्या पायरीवरून सायकल खाली टेकली आणि मागचं चाक एका अंगाला गेलं. स्वप्नाली डाव्या खांद्यावर पडली. गळपट्टीचं हाड दोन ठिकाणी मोडलं आणि मनगटही. ती ओरडत होती. उदयसिंह धावत आले आणि त्यांनी आधी सायकल उचलून उभी केली.

"फ्रेमला ओरखडासुद्धा न्हाय," ते कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले.

यल्लाप्पानं गवतातून तुटलेला बोल्ट उचलला, हातात उलटासुलटा करून बघितला आणि खिशात टाकला. मग तो तिच्याजवळ आला.

आठवड्यानं व्हिडिओ आला. नाव होतं, 'चालवणारी मोडली, गाडी न्हाय'. तिचं पडणं तीनदा दाखवलं होतं, त्यातलं एकदा सावकाश. चार लाख लोकांनी ते बघितलं. भाकऱ्या थापायच्या सोडून कशाला गेली, असं शेकड्यांनी लिहिलं. स्वप्नालीनं एकूण एक वाचलं. खांद्यात धातूची पट्टी बसवली होती आणि वर्षभर शर्यत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

संघातली तिची जागा नेसरीच्या राजनंदिनी देसाईला मिळाली. पोरगी एकोणीस वर्षांची. प्रत्येक शर्यतीत स्वप्नालीच्या मागं दुसरी यायची आणि शर्यत संपली की येऊन पाया पडायची. वेणीसुद्धा स्वप्नालीसारखीच घालायची.

एका दुपारी तिचा फोन आला.

"ताई, लई दुखतंय काय?"

"बरं हाय आता."

"सर म्हणालेत, उद्या त्याच उतारावर माझा व्हिडिओ करायचा. ताई, तुम्ही चालवलीसा. गाडी कशी हाय? मला खरं सांगा."

स्वप्नालीच्या मांडीवर दुखरा हात होता. याच फोनमध्ये तुटलेल्या रेघांचे फोटो होते. एक वाक्य बोललं असतं तरी पुरलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढं संघाचा नवा निळा टी-शर्ट आला, पाठीवर तिचाच नंबर आणि नाव दुसरीचं.

"भारी हाय गाडी," ती म्हणाली. "शेवटच्या पायरीला ब्रेक दाबू नको. येग ठेव."

"मग तुम्ही कशा पडलासा?"

"माझी चूक झाली."

"बरं झालं तुम्हाला इचारलं," राजनंदिनी म्हणाली. "आता मी भीत न्हाय."

त्या रात्री स्वप्नाली पोटभर जेवली. सकाळी मात्र तिला चहा जाईना. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. पावणेअकराला शेवटी लावला. तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

त्याच शेवटच्या पायरीला राजनंदिनी पडली होती. तिच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. चालता येईल, पण पाय पुरता वाकणार नाही, असं कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. पाचव्या दिवशी स्वप्नाली दवाखान्यात गेली. पोरीचे वडील बाळासो दाराबाहेर बाकावर बसले होते. त्यांनी तिला हात जोडले.

"ताई, आलासा," राजनंदिनी उशीवरून डोकं उचलून म्हणाली. "तुम्ही सांगितलंतं तरी शेवटच्या पायरीला मी भ्यालो. ब्रेक दाबला. माझीच चूक हाय."

स्वप्नाली उभीच राहिली. हीच समजूत घेऊन ही पोरगी आयुष्यभर लंगडणार, हे तिला दिसलं. तिनं फोन काढला आणि फोटो एकामागून एक दाखवले. रेघ, तुटलेली रेघ, वाकलेला बोल्ट. राजनंदिनीनं ते नीट बघितले. तारखाही बघितल्या.

"मी फोन केलता तवा हे तुमच्याजवळ होते?"

"होते."

"मग?"

"ती जागा माझी होती," स्वप्नाली म्हणाली.

राजनंदिनी रडली नाही. तिनं फोन परत दिला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. "पप्पांना आत पाठवा, पाणी पाहिजे," ती म्हणाली. "आणि तुम्ही जावा."

स्वप्नालीनं ते फोटो बाळासोंच्या फोनवर पाठवले. पोरीला घरी नेल्यावर ते फोटो घेऊन ते शेडवर गेले. उदयसिंहांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की पोरींना वेग आवरत नाही, त्याला कंपनी काय करणार. बाळासो त्याच दिवशीच्या एस.टी.नं नेसरीला परतले. दोन महिन्यांनी सायकली दुकानात आल्या. मागच्या सांध्याला दुप्पट जाडीचा बोल्ट होता. तो का बदलला, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

खांदा बरा व्हायला स्वप्नालीला चौदा महिने लागले. त्यानंतरच्या पहिल्याच शर्यतीत ती पहिली आली. दुसरी आलेली पोरगी कुठल्या गावची होती, ते तिनं विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात उदयसिंहांनी नवं मॉडेल काढलं आणि चालवून बघायला तिलाच निरोप धाडला. ती गेली.

"राग न्हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली आणि सीटची उंची आपल्या मापाची करायला लागली.