चिमण्यांचं तोरण

करंजाडे गावच्या भावनाला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. सासू सोनाबाईकडून भाताच्या लोंब्या गुंफायला शिकली आणि लागली की धंद्याला! आधी लोंब्या सोनेरी रंगवल्या. लोक म्हणाले, त्यापेक्षा प्लास्टिकच्या बऱ्या. मग हळदीसाठी लोंब्यांचे दागिने केले. मैत्रीण अंकिता ते घालून फोटोला उभी राहिली आणि पाच मिनिटांत कराकरा मान खाजवायला लागली. एकूण एक फोटो खाजवतानाचे! शेवटी दसऱ्याला साधी तोरणं केली, तर खपलं एकच, खारघरच्या रियाला. मग भावनानेच घरात सांगून टाकलं, सोमवारपासून दवाखान्याच्या काउंटरवरची जुनी नोकरी पुन्हा धरते. सांगताना रडू आलं ते तिने कसंबसं आवरलं.

आज शनिवार. घरचं उरलंसुरलं एकच शेत कापायला यंत्र आलं होतं. ते एकदा फिरलं की दाणे वेगळे, पेंढ्याचा चुरा; लोंब्या थेट पुढच्या वर्षी. दोघी सासवासुना बांधावर उभ्या होत्या, तेवढ्यात रियाचा फोन आला.

“भावनाताई, तुमचं तोरण संपलं. बाल्कनीत लावलं होतं, चिमण्यांनी सगळं खाल्लं!”

“अगं, बदलून देते मी.”

“बदलून काय, अजून दोन द्या! सासरे टीव्ही सोडून सकाळपासून बाल्कनीत बसतात. सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला, तर सत्तावीस जण विचारतायत, कुठे मिळतं म्हणून.”

“सगळ्यांना देते. दिवाळीच्या आत!” भावना बोलून मोकळी झाली.

फोन ठेवला आणि ती हसतच सुटली. वेडी कुठली, इतके दिवस माणसांसाठी तोरणं करत बसली होती! तिकडे यंत्र धडधडत शेतात उतरायला लागलं. ओढणी कमरेला खोचून ती धावली आणि यंत्रासमोर उभी राहिली.

“बंद करा! आधी बंद करा!”

यंत्र थांबलं. सोनाबाई मागोमाग आली. “खूळ लागलं का गो तुला? भात कापाचं हाय का नाय?”

“कापायचं, पण विळ्याने. चिमण्यांसाठी तोरणं करायचीत, आई. सगळ्या शेताची. चिमण्या खातील तशी लोक पुन्हा मागतील.”

“वर्साचं भात हाय ह्ये! आमी खावाचं काय?”

“विकत आणू. मी आणते.”

सोनाबाईने शेताकडे हात केला. “चाळीस वर्सं डबा बडवून चिमन्या हाकलल्या मी हितून. पोर पाठीला बांधून हाकलल्या. आनि तू त्यांना जेवाला बोलावतंस?”

भावना यंत्रासमोरून हलली नाही.

यंत्र न पोचणारे कोपरे कापायला आणलेला विळा बांधावर पडला होता. सोनाबाईने तो उचलला, वाकून पहिली मूठ कापली आणि सुनेच्या हातात दिली.

“देठ लांब ठेव गो. आखूड देठाचं तोरन टिकत नाय.”