बैलाची जागा

नाच शिकायची हौस बायकोची. चष्मेवाले तिच्या मागून वर्गात गेले ते भिंतीपाशी बसून पुस्तक वाचावं, एवढ्याच बेताने. पण पुरुष कमी पडत होते. नाच शिकवणाऱ्या बाईंनी त्यांच्या हातातलं पुस्तक काढून खिडकीत ठेवलं आणि त्यांना ओळीत उभं केलं.

नाच पासो डोब्ले. स्पेनमधल्या बैलांच्या झुंजीवरून बेतलेला. पुरुष म्हणजे बैलाशी लढणारा गडी, बाई म्हणजे त्याच्या हातातलं लाल कापड. बैल नसतोच, तो समोर आहे असं धरून चालायचं. छाती पुढे, मान ताठ, नजर बैलावर.

बाईंनी टाळी वाजवली की जोड्या बदलत. तिथेच घात झाला. टाळी वाजली की बायको दाताच्या डॉक्टरकडे जाई. डॉक्टर उंच, विधुर, आणि दात असे की हसला की खोलीतला दिवा लागावा. तो तिला वहिनी म्हणे, यांना दादा. त्याने नुसतं मनगट वळवलं की ती गर्रकन फिरून दूर जाई आणि तशीच परत येई. इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई पावलांनी इतकी हलकी आहे, हे चष्मेवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

परत आपल्याकडे आली की ते तिचा चेहरा निरखत बसत. मघाचं हसू अजून आहे का, ओसरलं का. आपल्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाची नजर तपासावी तसे. आणि पाय गुंतत.

"साहेब, बैल तिकडे आहे," बाई म्हणत. "कापडाकडे बघत राहिलात तर शिंगावर घेईल तो तुम्हाला."

वर्ग हसे. डॉक्टरही हसे, पण बेताने, ते जास्त लागे.

वर्गाच्या कार्यक्रमात मधली जोडी कोणाची, हे ठरवायचा दिवस आला. बायको मधे नाचणार हे नक्की होतं. तिच्याबरोबर नवरा की डॉक्टर, एवढंच बाकी होतं. डॉक्टर आधी नाचला, सुरेख नाचला आणि समोरच्या खुर्चीवर जाऊन घाम पुसत बसला. मग चष्मेवाल्यांची पाळी. ते उभे राहिले, नजर वर केली, तर बैलाच्या जागी नेमका डॉक्टर.

पुढचं त्यांना नीट आठवत नाही. छाती आपोआप पुढे आली. पायाखालची फळी दणाणली. बायकोकडे बघायचं भानच राहिलं नाही. ती मात्र हातातून सुटून फिरली, सळसळत परत आली. संगीत थांबलं तेव्हा बाईंनी यांच्याकडे बोट केलं.

"दादा, मला जिवंत सोडलंत हे नशीब," डॉक्टर म्हणाला. वर, कार्यक्रमाला मी नाही, बहिणीकडे चाललोय, असंही सांगून टाकलं.

चष्मेवाल्यांना आनंद झाला. तो घरी पोचेपर्यंत टिकला. स्वयंपाकघरात बायको म्हणाली, "आज पहिल्यांदा तुम्ही मला मोकळं सोडलंत. एरवी नुसतं धरून ठेवता." आणि त्यांना डॉक्टर बसला होता ती खुर्ची आठवली. कार्यक्रमाला ती रिकामी असली तर? त्यांनी गॅलरीत जाऊन रिकाम्या स्टुलाकडे रागाने बघून पाहिलं. राग येईना. स्टूल बिचारं स्टूलच राहिलं.

सकाळी ते दवाखान्यात गेले. दाढ दुखतेय, अशी थाप मारली. डॉक्टरने त्यांना खुर्चीत आडवं केलं, तोंडात आरसा घातला. दाढेला काही झालेलं नव्हतं. आता विषय काढावा, पहिल्या रांगेत बसा म्हणावं, पण तोंड उघडं आणि जीभ दाबलेली.

"बहिणीकडचं रद्द केलं हो मी," डॉक्टर वाकून दाढा बघत म्हणाला. "पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसणार आहे. रात्री वहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, तुम्ही समोर असल्याशिवाय यांचं काही खरं नाही."

फोन. रात्री. कधी? आणि हिच्याकडे याचा नंबर आला कुठून?

"दादा," डॉक्टर म्हणाला, "जबडा सैल सोडा. माझं बोट आहे आत."