कळसाच्या दिवशीचं गाऱ्हाणं

बांबू लवूच्या जबड्यावर बसला तेव्हा नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. देवळात नारळच फुटला असं समजून मागच्या दोघातिघांनी हातही जोडले.

लालबागच्या चौकातलं हे मारुतीचं देऊळ मूळचं गिरणीवाल्यांनी बांधलेलं. बिल्डरने ते पाडून संगमरवरात पुन्हा उभं केलं, आणि आज कळस कोणी चढवायचा यावरून टॉवरवाले नि चाळवाले एकमेकांच्या उरावर बसले. आरतीच्या झांजा डोक्यात बसल्या, प्रसादाच्या परातीने कपाळं फुटली. लवू सोडवायला मध्ये पडला. गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. जन्मभर चाळीच्या वतीने देवाशी तोच बोलत आला. आता त्या तोंडातून नुसतं रक्त येत होतं.

सुभद्राने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. बांबू चाळीतल्याच प्रितीच्या पोराच्या, स्वरूपच्या हातात होता. सुभद्राच्याच हातचं काकडीचं गोड धोंडस खाऊन वाढलेला. तिने पाहिलं होतं. सगळ्यांनीच पाहिलं होतं.

"कोणी मारलं?" हवालदाराने विचारलं.

"गर्दीत काय दिसलंच नाय, साहेब," चारपाच जण एकदम म्हणाले.

ॲम्ब्युलन्स त्याच गर्दीत अडकलेली. भटजी कुरकुरले, "मुहूर्त टळतोय. गाऱ्हाणं घाला कुणीतरी."

लवूचं डोकं शेजारणीच्या मांडीवर ठेवून सुभद्रा उठली.

"काकी, बायका नाय घालत गाऱ्हाणं," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"ज्येचो मान, त्येचा तोंड तुमी फोडलास. आता माझा ऐका." तिने हात जोडले. "बा मारुतीराया, आज तुझा नवा देवूळ उबा रवला, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चौक गरजला.

"हेच पायरेर एका म्हाताऱ्याचो जबडो फुटलो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पिढ्यांची सवय, डोक्याआधी जीभ बोलली.

"सगळ्यांनी बघल्यानी, आणि पोलिसाक नाय म्हणान सांगल्यानी, म्हाराजा!"

"व्हय..." अर्ध्यावरच माना खाली गेल्या. हवालदार वळून बघू लागला.

"जेच्या हातात बांबू होतो, तो हयच उबो असा, म्हाराजा!"

स्वरूपने बांबू हळूच खाली सोडला, तो फरशीवर खडखडत गेला. मग खांबाआडून एका बाईचा आवाज आला, फाटका.

"व्हय म्हाराजा."

स्वरूपने दचकून आईकडे बघितलं. प्रिती त्याच्याकडे बघत नव्हती.

सुभद्रा पायरीवर परत बसली. लवूचे ओठ हलले, रक्ताचा बुडबुडा फुटला. तिने तो पदराने टिपला.

"गप रवा," ती म्हणाली. "सांगून झाला."