नाकाला झोंबणारी स्वच्छता

"पण ह्यानं जंतू मरतात का, ते सांग." मामांनी बाटली उजेडाकडे धरली, हलवली आणि पुन्हा धरली.

"बाबा, साधं व्हिनेगर आहे ते. डाग निघतात त्यानं," जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्यानं आरसा पुसत सून म्हणाली.

"डाग दिसतात. जंतू दिसत नाहीत."

सुनेनं हसू दाबलं. बाळ घरात आल्यापासून तिनं बाजारातली सगळी झोंबरी औषधं बंद केली होती. सिंक घासायला खायचा सोडा, नळांवर लिंबाची सालं, मुंग्यांच्या वाटेवर लवंगा. पैसे वाचत होते आणि बाळाच्या अंगावरची पुरळही गेली होती. मामांना मात्र हे सगळं स्वयंपाकघरातलं सामान वाट चुकून न्हाणीघरात आल्यासारखं वाटे.

मामा म्हणजे काही कोणाचे मामा नव्हेत. आयुष्यभर ते एका मोठ्या दवाखान्यात वॉर्डबॉय होते आणि तिथे सगळे त्यांना मामाच म्हणत. जे नाकाला झोंबतं तेच स्वच्छ, एवढं एकच शास्त्र ते तिथे शिकले. त्याच दवाखान्यात त्यांची बायको साध्या ऑपरेशननंतर जखम चिघळून गेली. कुणीतरी हातचं राखून फरशी पुसली असणार, हे त्यांच्या मनातून कधी गेलंच नाही. तेव्हापासून बिनवासाच्या फरशीवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

आता त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं आणि त्यात त्यांचा सगळा जीव होता. सून आंघोळीला गेली की बाळ त्यांच्या मांडीवर असे. ह्याला काही झालं तर, या विचारानं ते त्याचे इवले हात पुन्हा पुन्हा पुसत. मग काय, त्यांनी गुपचूप ब्लीचची बाटली आणली आणि कपाटात जुन्या स्वेटरांमागे लपवली. सून बाळाला घेऊन फिरायला गेली की न्हाणीघरात ब्लीच ओतायचं, घासायचं, भरपूर पाणी टाकायचं, खिडकी उघडायची आणि साळसूदपणे खुर्चीत येऊन बसायचं.

"बाबा, न्हाणीघरात कसला वास येतो हो?"

"गटाराचा असेल."

सुनेला ते पटलं नाही. सासरे दुपारी एकटे असतात, कपाटाला कुलूप लावतात, वास जावा म्हणून खिडक्या उघडतात. तिनं आपल्या परीनं अर्थ काढला आणि नवऱ्याच्या कानावर घातला. तो बिचारा डोकं खाजवत वडिलांपुढे उभा राहिला.

"बाबा, तुम्ही अधूनमधून... घेता का थोडी?"

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण कपाट काही त्यांनी उघडून दाखवलं नाही.

पुढच्या आठवड्यात सुनेला सर्दी झाली. एके दुपारी ती फिरायला निघाली आणि अर्ध्या वाटेतूनच परतली. मामांनी नुकतंच ब्लीच ओतलं होतं. दारात चावी फिरली तशी त्यांनी बाटली सदऱ्याखाली दडवली आणि खोलीत सटकले. फरशी तशीच राहिली. बाळ बाबागाडीत झोपलंय तोवर न्हाणीघर उरकू, म्हणून सून आत गेली. नाक चोंदलेलं, त्यामुळे तिला वास कळला नाही. तिनं व्हिनेगर भसाभसा ओतलं आणि घासायला खाली वाकली.

मामांना आधी खोकला ऐकू आला, मग ब्रश पडल्याचा आवाज. ते धावले. सून भिंतीला धरून उभी होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी, श्वास घेता येईना. त्यांनी तिला ओढून बाहेर काढलं, न्हाणीघराचं दार लावलं, बाळाला उचललं आणि दोघांना घेऊन जिन्यात आले. आरडाओरडा ऐकून शेजारची शिंपीणबाई धावत आली.

"काय ओतलंस गं?"

"व्हिनेगर... रोजचंच," सून कशीबशी म्हणाली.

"तरी मी सांगत होते, हे घरगुती उद्योग नकोत म्हणून!"

मामा गप्प बसले असते तर सगळं खापर त्या व्हिनेगरवर फुटलं असतं. त्यांच्याकडे कोणी पाहतही नव्हतं.

"फरशीवर ब्लीच होतं," ते म्हणाले. "मी टाकलेलं. डॉक्टरांना तसंच सांगा."

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत सुनेला ऑक्सिजन दिला, मग घरी सोडलं. ही दोन्ही एकत्र आली की विषारी वायू होतो, डॉक्टर म्हणाले. बाळाला काही झालं नव्हतं. मुलानं कपाटातली बाटली काढून नेली, वडिलांना एक शब्दही बोलला नाही. तो बोलला असता तर मामांना बरं वाटलं असतं.

"मला सांगितलं का नाही, बाबा?" सुनेनं बसक्या आवाजात विचारलं.

"तू ती फेकून दिली असतीस."

"हो. दिलीच असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टॉवेल खांद्यावर टाकून, बाळाला कडेवर घेऊन त्यांच्या खुर्चीपाशी आली. मामांचे हात सवयीनं पुढे झाले. ती थांबली. तिची नजर त्यांच्या हातांवर गेली आणि बाळाला धरलेला तिचा हात जरा घट्ट झाला. मामांनी हात मागे घेतले.

"शेजारच्या बाईंना बोलाव आज," ते म्हणाले. "माझा खांदा दुखतोय."

"बरं," ती म्हणाली, आणि दाराकडे वळली. कुठला खांदा, हेही तिनं विचारलं नाही.