हिरवं पाणी

प्रियदर्शनीनं लांब दांड्याचा ब्रश स्विमिंग पूलच्या भिंतीवरून खरवडत खाली नेला, तसा शेवाळाचा बुळबुळीत पापुद्रा सुटला आणि दिसेनासा झाला. हातभर खाली ब्रशसुद्धा दिसत नव्हता. पंपाची मोटर जळून दुरुस्तीला गेली आणि ऐन उकाड्यात पाण्याचं असं झालं. क्लोरीन टाकून झालं, जाळीनं पानं काढून झाली; तळ काही दिसेना.

पलीकडं खुर्चीवर तिचे सासरे गणपतराव बसले होते. पाणी निळं होतं तोवर ते बंगल्याच्या या बाजूला फिरकलेही नव्हते. हिरवं झाल्यापासून मात्र सकाळचा चहा झाला की इथंच. अलीकडं ते जेवलेलं विसरत, कधी घरातली माणसंही. निदान एका जागी शांत बसलेत, एवढंच तिला बरं वाटलं होतं.

"आबा, ऊन आलंय. आत बसता का?"

"न्हाय. पाणी झ्याक हाय की आज."

ती क्लोरीनचा दुसरा डबा आणायला आत गेली. परत आली तर वाळत घातलेले कपडे मातीत पडले होते आणि ते ज्या दोरीवर होते ती जाग्यावर नव्हती.

पूलच्या काठावर तिची मुलगी शिवांजली उभी होती. दोरीचं एक टोक तिच्या कमरेला, दुसरं आबांच्या मनगटाला. पोर खिदळत होती.

"हान की रं उडी! भितोस काय? बापानं धरलंय न्हवं?"

प्रियदर्शनी जागीच थबकली.

"आबा, ती शिवांजली आहे. सोडा तिला. तळसुद्धा दिसत नाहीये."

"तू कोण गं मधी बोलणारी?"

त्यांनी दोरीला हिसका दिला. पोरीचं हसू थांबलं. तिची पावलं ओल्या काठावर होती. आपण धावलो आणि आबांनी पुन्हा हिसडलं तर, या विचारानं प्रियदर्शनीला पुढं होता येईना.

स्वयंपाकघराचं मागचं दार वाजलं. तिच्या सासूबाई, बनाबाई, बाहेर आल्या, हाताला तसंच पीठ. त्यांनी एकदा पाण्याकडं पाहिलं, मग पदर खोचून नवऱ्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. दोरीला त्यांनी हात लावला नाही.

"अवो," त्या हळूच म्हणाल्या, "आज नगं. हिरीत शेवाळ लई आलंय. उद्या शिकवा त्याला."

गणपतराव त्यांच्याकडं बघत राहिले.

"उद्या?"

"व्हय. ऐका माजं. आज नगंच."

त्यांचा हात सैल पडला. "बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. डोईवरचा भारा उतरवल्यासारखा त्यांनी श्वास सोडला, मनगटातली दोरी काढून टाकली आणि आत निघून गेले.

प्रियदर्शनीनं पोरीला ओढून छातीशी धरलं. कमरेची गाठ तिला सुटेना. बनाबाई खाली बसून ती सोडवू लागल्या.

"आई, कुणाला शिकवा म्हणालात?"

बनाबाईंनी आधी गाठ सोडवली.

"तुझ्या नवऱ्याच्या आधी एक हुता आमाला. जयसिंग. एवढाच हुता, हिच्याएवढा." त्या दोरी गुंडाळत राहिल्या. "त्या दिवशी म्या दारात हुभी हुते. ह्येनी त्याला हिरीवर पवायला न्हेताना बगत हुते. वाटलं, म्हणावं, आज नगं. पर ह्येंच्याम्होरं तोंड कोण उघडणार तवा?"

"राजवर्धनना माहीत आहे? आपल्याला मोठा भाऊ होता ते?"

बनाबाईंनी मान हलवली. नाही. शिवांजलीच्या कमरेवर दोरीचा लाल वळ उठला होता. त्यावरून त्यांनी पिठाचा हात फिरवला.

आतून गणपतरावांची हाक आली, मोठी, खुशीतली.

"अगं, ऐकलंस का? उद्या बेगीनं उठीव त्याला. ऊन व्हायच्या आत जाऊया!"

प्रियदर्शनीनं मुलीला आणखी घट्ट धरलं.

"व्हय," बनाबाई तिथूनच म्हणाल्या. "उठीवते."