कुंपणाच्या कडेची रोपं

विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात तिला सगळे ‘चौकटवाली’ म्हणत. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी ॲल्युमिनियमची चौकट खांद्याला अडकवून ती तीन वर्षं एकाच उजाड टेकाडावर गुडघे टेकत आली होती, तेव्हा नाव काही चुकीचं नव्हतं. चौकट जमिनीवर ठेवायची, आतली झाडांची रोपं मोजायची, आकडा लिहायचा, चौकट मीटरभर पुढे सरकवायची. पीएचडी झाल्यावर माणूस काय करतो असं कोणी विचारलंच, तर तो हे करतो.

प्रयोग विभागप्रमुख सरांचा होता. टेकाडावर जमिनीचे बारा तुकडे खांब-तारांचं कुंपण घालून शेळ्यांपासून राखले होते आणि बारा तसेच उघडे ठेवले होते. सरांचा सिद्धांत असा, की जमिनीला सगळं आठवतं. जुन्या जंगलाचं बी मातीत झोपलेलं असतं. शेळ्या हटवा, ते आपसूक जागं होतं. हा सिद्धांत सरांनी चार परिषदांत मांडला होता आणि चारही ठिकाणी जेवण उत्तम होतं. टेकाडावर मात्र ते एकदाच आले होते, फोटोपुरते. जाताना बजावून गेले, “लांबून बघून मतं बनवायची नाहीत. जवळून मोजायचं. आकडे आपोआप बोलतात.” आकडेही मोठे आज्ञाधारक निघाले. कुंपणात रोपंच रोपं, बाहेर ठणठणाट.

तिची नेमणूक महिनाअखेर संपत होती. पुढची दोन वर्षं मिळणार की नाही हे सोमवारच्या समितीत ठरायचं होतं, आणि समिती सरांच्या शब्दाबाहेर नव्हती. त्याआधी शेवटची मोजणी उरकायची तर टेप धरायला कोणीतरी हवं. मदतनिसाची जागा मंजुरीच्या वाटेवर होती. गेली तीन वर्षं ती वाटेवरच होती. म्हणून तिने आईला नेलं. आई घरी शिवणकाम करायची, त्यामुळे टेपच्या बाबतीत तिचा हात धरणारं विभागात कोणी नव्हतं.

दुपारी आईचे पाय बोलायला लागले. ती चढाच्या वरच्या अंगाला एका दगडावर जाऊन बसली आणि तिथून म्हणाली, “अगं, तुझी झाडं सगळी कडेकडेनेच का उगवलीत?”

“कुठे कडेने? इथे आहेत की.”

“तू कडेलाच बसलीयस म्हणून. मध्ये नुसतं टक्कल आहे. काठाला शिवण मारावी तशी रांग लागलीय.”

“आई, तीन वर्षं मोजतेय मी.”

“मोज ना. मी फक्त दिसतंय ते सांगितलं.”

ती कुरकुरत वर गेली आणि उभीच राहिली. खाली बारा हिरवे चौकोन होते आणि बाराही आतून रिकामे. प्रत्येक खांबावर एकेक पक्षी बसला होता. कुठूनतरी फळं खाऊन आलेला, पोट मोकळं करत, कसलीही घाई नसलेला. बी थेट खांबाखाली पडत होतं. जमिनीला काहीही आठवत नव्हतं. पक्ष्यांना बसायला नुसते खांब मिळाले होते.

संध्याकाळी तिने जुने तक्ते काढले. अकराशे रोपांपैकी साडेनऊशे कुंपणापासून मीटरभराच्या आत. सगळं तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तिने ते दर वेळी इमानेइतबारे लिहिलं होतं, बेरीज केली होती आणि बेरीज तेवढी सरांना पाठवली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बेरीज बदलली का?”

“नाही सर.”

“मग समितीपुढे हे कशाला काढायचं? तुझ्या मुदतवाढीचा कागद माझ्या टेबलावरच आहे. सही तेवढी राहिलीय.”

सर कधी धमकी देत नसत. ते फक्त माहिती देत.

सोमवारी तिने दगडावरून काढलेला फोटो पडद्यावर लावला. दोन वर्षांची नोकरी हातची जातेय हे तिला स्वच्छ कळत होतं आणि तरीही ती बोलत राहिली, कारण पुन्हा त्या टेकाडावर जाऊन खोटं मोजायची तिला शिसारी आली होती. बोलणं संपलं. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, “हे फारच रंजक आहे.”

तोवर सर उभे राहिले होते. “माझा विचार कधीपासून याच दिशेने चालला होता,” ते म्हणाले. चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्यांनी जमिनीची स्मरणशक्ती तिथल्या तिथे पुरली आणि खांबांचा सिद्धांत उभा केला. समिती खूश झाली. सरांना पाच वर्षांचा नवा प्रकल्प मिळाला, नुसते खांब रोवण्याचा. त्यासाठी पक्ष्यांतलं कळणारा माणूस घ्यायचं ठरलं. झाडं मोजणारी आता नको होती, म्हणून टेबलावरचा तो कागद सहीविनाच राहिला.

तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा आई मशीनवर होती. तिने पाय थांबवले.

“मी त्या दगडावर बसायलाच नको होतं.”

“तू बसली नसतीस तर मी अजून दोन वर्षं मोजत राहिले असते.”

“पगार घेऊन,” आई म्हणाली.

ती हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. आईने तिला रडू दिलं. मग विचारलं, “पण मी बोलले ते बरोबर होतं ना?”

“हो.”

“आणि तू तिथे सांगितलंस, तेही?”

“तेही.”

“मग तुला घरी पाठवलं ते कशासाठी?”

आई उत्तराची वाट बघत होती, अगदी मनापासून, कारण लेक एवढी शिकलेली होती.